संत जॉन बॉस्को : मुलांना सेवेची वाट दाखविणारा गुरू

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. आपल्या अनेक शाळांतून ह्या दिवशी मिस्साबलिदान अर्पण केले जाते, मुलांचे खेळ होतात, खाऊवाटप होते. काळा झगा घातलेले, हसऱ्या चेहऱ्याचे आणि भोवती मुलांचा गराडा पडलेले धर्मगुरू ही त्यांची तसबीर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. अनाथ मुलांचा पिता, तरुणांचा मित्र, शाळा व कारखाने काढणारा शिक्षणतज्ज्ञ अशी त्यांची ओळख आपल्याला आहे. परंतु त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र आपल्या ध्यानी फारसा येत नाही. मुलांची सेवा करणारे धर्मगुरू त्यांच्या आधीही होऊन गेले आणि नंतरही झाले. जॉन बॉस्को ह्यांनी मुलांनाच सेवक केले. ज्या मुलांना समाज ओझे समजत होता त्यांच्याच खांद्यावर त्यांनी समाजाचे ओझे दिले, आणि त्या कोवळ्या खांद्यांनी ते पेलले. त्यांचे जीवन आज आपण ह्या दृष्टीने पाहणार आहोत.

बालपण आणि आईची शिकवण

उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, तुरीन शहरापासून काही अंतरावर, कास्तेलनुओव्हो गावाजवळ बेक्की नावाची एक छोटी वाडी आहे. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉन ह्यांचा जन्म झाला. आईवडील शेतकरी होते. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १८१७ साली, त्याचे वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. त्याच वर्षी त्या भागात दुष्काळ पडला होता. घरात वृद्ध सासू, पहिल्या पत्नीपासून झालेला सावत्र मुलगा अँथनी आणि स्वतःची दोन मुले जोसेफ व जॉन असा संसार मार्गारिटा ह्या तरुण विधवेच्या पदरी आला. मार्गारिटामायला लिहितावाचता येत नव्हते, पण प्रार्थना आणि धर्मशिक्षण तिला तोंडपाठ होते. दारी आलेला भिकारी रिकाम्या हाती जाऊ नये आणि शेजारी कोणी आजारी पडला तर रात्री-अपरात्री धावून जावे, हा तिचा परिपाठ होता. सेवेचा पहिला धडा जॉनने पुस्तकातून गिरविला नाही, तो त्याने घराच्या उंबरठ्यावर पाहिला.

वयाच्या सुमारे नवव्या वर्षी जॉनला एक स्वप्न पडले. मुलांचा एक घोळका भांडत होता, शिव्याशाप देत होता. त्यांना गप्प करण्यासाठी जॉन त्यांच्यावर तुटून पडला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबविले आणि मारझोडीने नव्हे तर सौम्यतेने व प्रेमाने ह्या मुलांना जिंकावे लागेल असे समजावले. त्या स्वप्नाचा अर्थ पुढे आयुष्यभर त्यांना उलगडत गेला.

जॉनला शिकायचे होते, पण थोरला अँथनी त्याच्या विरोधात होता. शेतात राबायचे सोडून पुस्तके कशाला, असा त्याचा सवाल होता. घरातली भांडणे मिटावीत म्हणून आईने मन घट्ट करून बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्या एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून पाठविले. पुढे फादर कालोसो ह्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवावयास घेतले. परंतु १८३० साली त्यांचेही अकस्मात निधन झाले. शिक्षणाचे दार किलकिले व्हावे आणि लगेच बंद व्हावे, असा तो काळ होता. गरीब मुलाच्या आयुष्यात एखादा वडीलधारा हात देणारा भेटणे किती मोलाचे असते आणि तो हात सुटला की किती अंधार होतो, हे जॉनने स्वतः भोगले होते.

आनंद मंडळ

१८३१ साली जॉन कियेरी गावात शिकावयास गेला. राहण्याजेवण्याचा खर्च भागविण्यासाठी त्याने शिकवण्या घेतल्या आणि कॉफीच्या दुकानात काम केले. शिवणकाम तो त्याआधीच शिकला होता. डोंबाऱ्याचे खेळ आणि हातचलाखी त्याला लहानपणापासून येत असे. गावातल्या मुलांना खेळ दाखवायचा आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची, ही त्याची जुनी रीत होती. कियेरी येथे त्याने आपल्या सोबत्यांचे एक मंडळ काढले. आनंद मंडळ असे त्याचे नाव होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे-वागणे टाळावे, अभ्यास व धर्मकर्तव्ये नीट पार पाडावीत आणि सदा आनंदी राहावे, इतकेच त्याचे नियम होते. ह्या मंडळावर कोणी शिक्षक नेमलेला नव्हता. शाळेतल्या मुलांनी मुलांसाठी ते चालविले होते. पुढे त्यांनी जे जे उभारले त्याचे बीज ह्या मंडळात आपल्याला दिसते.

१८३५ साली त्यांनी कियेरीच्या सेमिनरीत प्रवेश घेतला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन येथे आर्चबिशप फ्रान्सोनी ह्यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तुरुंगातले दर्शन

तुरीन ही त्या वेळी सार्डिनिया राज्याची राजधानी होती. शहर झपाट्याने वाढत होते, नव्या इमारती उठत होत्या आणि खेड्यापाड्यांतून मुलांचे लोंढे कामासाठी येत होते. गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी, रस्त्यावर फुटकळ कामे करणारी ही मुले रात्री मिळेल त्या कोपऱ्यात झोपत. फादर जोसेफ काफासो हे जॉन बॉस्को ह्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. पुढे ख्रिस्तसभेने त्यांनाही संत म्हणून गौरविले. त्यांनी ह्या तरुण धर्मगुरूला तुरुंगात नेले. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले उवा-पिसवांत आणि उपासमारीत कुजत पडलेली पाहून फादर बॉस्को हादरून गेले. त्याहूनही एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. सुटून गेलेली मुले काही दिवसांनी पुन्हा त्याच तुरुंगात दिसत. बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते. ह्या मुलांना तुरुंगाबाहेर वेळीच एखादा मित्र भेटला असता तर ती येथे आली नसती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या शिक्षणपद्धतीचा पाया हाच होय.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात मिस्सासाठी वस्त्रे धारण करीत असताना त्यांना एक प्रसंग दिसला. मिस्साला मदत करता येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने एका मुलाला मारून हाकलून दिले. फादर बॉस्कोंनी त्याला आपला मित्र म्हणत परत बोलावून घेतले. बार्तोलोमेओ गारेल्ली हे त्याचे नाव. सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा तो मुलगा होता. फादरांनी त्याची विचारपूस केली, त्याला क्रुसाची खूण शिकविली आणि पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन येण्यास सांगितले. तो आला, आणि एकटा आला नाही. मुलांना बोलावून आणण्याचे काम पहिल्या दिवसापासूनच मुलाकडे होते, हे आपण येथे लक्षात घेतले पाहिजे.

वाल्दोक्कोची छपरी

रविवारी मुलांना जमवून मिस्सा, धर्मशिक्षण, खेळ आणि गाणी असा जो उपक्रम सुरू झाला त्याला त्यांनी ओरेटरी असे नाव दिले. शेकडो मुलांचा गोंगाट कोणालाच नको होता. कधी दफनभूमीजवळचे प्रार्थनामंदिर, कधी गिरण्यांचा परिसर, कधी उघडे माळरान अशी त्यांची भटकंती चालली. जागोजागच्या तक्रारींमुळे त्यांना हुसकावून लावण्यात आले. काही स्नेह्यांना तर त्यांना वेड लागले असल्याची शंका आली. शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को वस्तीतील पिनार्दी नामक गृहस्थांच्या घरामागची एक बुटकी छपरी त्यांना मिळाली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने ते मरणाच्या दारी पोहोचले. कामकरी पोरांनी उपास केले, मरियामातेला नवस केले आणि फादर बरे झाले. पुढील आयुष्य ह्या मुलांचेच आहे, असे त्यांनी मानले.

३ नोव्हेंबर १८४६ रोजी अठ्ठावन्न वर्षांची मार्गारिटामाय बेक्कीचे घर सोडून मुलाबरोबर वाल्दोक्कोला राहावयास आली. लग्नातले कपडे व दागिने विकून तिने पहिला खर्च भागविला. १८४७ साली पावसात भिजलेल्या एका अनाथ मुलाला घरात जागा मिळाली. हळूहळू त्या घराचे वसतिगृह झाले. ती सर्वांचीच आई झाली.

शिकलेल्याने शिकवावे

कामकरी मुलांसाठी फादर बॉस्को ह्यांनी रात्रीचे वर्ग सुरू केले. पण शिक्षक कोठून आणायचे? पगार देण्यास पैसा नव्हता. त्यांनी एक तोड काढली. होतकरू मुलांपैकी काहींना निवडून त्यांना इटालियन, लॅटिन, फ्रेंच व गणित ते स्वतः विनामूल्य शिकवू लागले. त्यासाठी एकच अट होती. ह्या मुलांनी धर्मशिक्षणात आणि रात्रीच्या वर्गात आपल्यापेक्षा मागे असलेल्यांना शिकवायचे. कालचा अडाणी पोर आज दहाजणांचा गुरुजी झाला. शिक्षण ही स्वतःपुरती ठेवावयाची मिळकत नसून ते पुढे द्यावयाचे देणे आहे, हा धडा ह्या व्यवस्थेतून मुले शिकली.

त्याच सुमारास राज्यात जुनी वजनेमापे जाऊन १८५० पासून दशमान पद्धत येणार होती. अडाणी माणसांची बाजारात फसवणूक होणार हे ओळखून फादर बॉस्को ह्यांनी १८४९ साली ह्या विषयावर सोपी पुस्तिका लिहिली. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्यावर नाटुकली रचली. ओरेटरीच्या मुलांनी ती रंगविली आणि हसतखेळत लोकांना किलो-मीटरचा हिशेब समजावला. आज आपण ज्याला लोकजागृती म्हणतो ती ह्याहून वेगळी काय असते?

१८५० साली त्यांनी मुलांमध्ये परस्पर साहाय्य मंडळ स्थापन केले. प्रत्येक सभासदाने दर रविवारी एक सोल्दो, म्हणजे अगदी लहानसे नाणे, जमा करावयाचे. जो आजारी पडेल किंवा ज्याचे काम सुटेल त्याला त्या निधीतून मदत मिळे. आजारी सभासदासाठी दिवसाला पन्नास सेंतेसिमी असा दर ठरविण्यात आला होता. ज्यांच्या खिशात कधी पैसा टिकला नव्हता त्या मुलांच्या हाती आता दुसऱ्याला आधार देण्याची ताकद आली.

धन्यांकडून होणारी पिळवणूक हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. हाताखालच्या पोराला मारणे, घरची धुणीभांडी करावयास लावणे, रविवारीही राबविणे हे सर्रास चाले. फादर बॉस्को ह्यांनी १८५१ पासून धन्याबरोबर लेखी करार करावयास सुरुवात केली. फेब्रुवारी १८५२ मध्ये एका सुताराबरोबर केलेला करार आजही जतन केलेला आहे. मुलाला हात लावायचा नाही, चुकल्यास शब्दांनीच समज द्यावयाची, धंद्याशी संबंध नसलेली कामे सांगावयाची नाहीत, सणवारी व रविवारी सुटी द्यावयाची आणि वर्षातून पंधरा दिवसांची रजा द्यावयाची, अशा अटी त्यात आहेत. सुधारणेची भाषणे करण्याऐवजी त्यांनी धन्याची सही घेतली. पुढे मुलांना बाहेर पाठवावेच लागू नये म्हणून त्यांनी १८५३ पासून घरातच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाईचे कारखाने एकामागून एक उभारले.

१८५४ : कॉलऱ्याचे वर्ष

आता आपण त्या प्रसंगाकडे येऊ, ज्याने ह्या सर्व शिकवणुकीची कसोटी पाहिली.

२६ जानेवारी १८५४ च्या रात्री फादर बॉस्को ह्यांनी चार तरुणांना आपल्या खोलीत बोलावले. त्यांत मायकल रुआ आणि जॉन कालियेरो हे दोघे होते. रुआ सोळा वर्षांचा होता, तर कालियेरो नुकताच सोळाव्यात आला होता. शेजाऱ्यावरील प्रीतीचा प्रत्यक्ष सराव काही काळ करून पाहावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. मन मानेल तर पुढे वचन द्यावे, अन्यथा नाही. त्या रात्रीपासून ह्या गटाला सालेशियन हे नाव मिळाले. सरावाची संधी सहा महिन्यांतच आली.

जुलैच्या अखेरीस तुरीनमध्ये कॉलऱ्याने प्रवेश केला. वाल्दोक्कोला लागून असलेल्या बोर्गो दोरा ह्या गरीब वस्तीत त्याने थैमान मांडले. साथ ओसरेपर्यंत शहरात सुमारे अडीच हजार लोकांना लागण झाली आणि सुमारे चौदाशे माणसे दगावली. रोग कशाने होतो हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो दूषित पाण्याचा माग काढीत होते आणि फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचे जंतू पाहत होते, परंतु त्यांचे म्हणणे जगाने मानावयास बरीच वर्षे जावयाची होती. डॉक्टर औषध म्हणून विष देतात अशी अफवा पसरली होती. घरातली माणसेच रोग्याला टाकून पळून जात. ज्यांना ऐपत होती ती शहर सोडून गेली. नगरपालिकेने तात्पुरती रुग्णालये उघडली, पण पैसे देऊनही तेथे काम करावयास माणसे मिळेनात.

५ ऑगस्टच्या सुमारास फादर बॉस्को ह्यांनी मुलांना एकत्र बोलावले. शहराची अवस्था त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितली. ते स्वतः आधीपासूनच रोग्यांच्या घरी जात होते. आपल्याबरोबर कोण येईल, असे त्यांनी विचारले. सक्ती कोणावर नव्हती. पापापासून दूर राहाल आणि मरियामातेवर भरवसा ठेवाल तर तुम्हांपैकी कोणाला काही होणार नाही, असा दिलासाही त्यांनी दिला. प्रथम चौदा मुले पुढे आली. काही दिवसांत आणखी तीस जणांनी नावे दिली. एकूण चव्वेचाळीस मुले झाली.

ही केवळ भावनेच्या भरात मारलेली उडी नव्हती. रोग्याला कसे उचलावे, अंग कसे चोळावे, ऊब कशी द्यावी ह्याचे शिक्षण मुलांना देण्यात आले. त्यांचे तीन गट करण्यात आले. एक गट रुग्णालयात व घरांत रोग्यांची पूर्णवेळ शुश्रूषा करी. दुसरा वस्तीत फिरून दारामागे लपविलेले किंवा टाकून दिलेले रोगी शोधून काढी. तिसरा गट ओरेटरीत सज्ज राही आणि निरोप येताच धावे. प्रत्येकाजवळ व्हिनेगरची बाटली असे आणि रोग्याला हात लावल्यानंतर त्याने हात धुण्याचा दंडक होता. आजच्या ज्ञानाने पाहता हात धुण्याची ती शिस्त किती मोलाची होती हे आपण समजू शकतो.

रोग्यांना अंथरूण-पांघरूण नसे. मुले मार्गारिटामायकडे येऊन कपडे मागत. चादरी संपल्या, टॉवेल संपले, टेबलावरची वस्त्रे गेली. एकदा एक मुलगा आला तेव्हा घरात देण्यासारखे काहीच उरले नव्हते. तेव्हा त्या माउलीने मुलाची परवानगी घेऊन वेदीवरचे वस्त्रही काढून दिले, असे सांगतात. ख्रिस्ताच्या देहाखाली अंथरलेले कापड ख्रिस्ताच्याच देहावर पांघरले गेले, असे आपण म्हणू शकतो.

शरद ऋतू संपता संपता साथ ओसरली. चव्वेचाळीस मुलांपैकी एकालाही कॉलरा झाला नाही. ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप पायस नववे ह्यांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा धर्मसिद्धान्त घोषित केला. त्या दिवशी फादर बॉस्को ह्यांनी मुलांसह ईश्वराचे आभार मानले. शहरातल्या वर्तमानपत्रांनीही ह्या मुलांची दखल घेतली. ज्यांना शहर टवाळ पोरे म्हणत होते त्यांची त्याच शहराने प्रशंसा केली. साथीत आईबाप गमावलेल्या सुमारे वीस मुलांना फादर बॉस्को ह्यांनी ओरेटरीत आश्रय दिला. शुश्रूषा संपली तरी जबाबदारी संपली नाही.

एक अवघड प्रश्न

हा प्रसंग वाचताना आपल्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपण टाळू नये. मुलांना अशा जीवघेण्या संकटात उतरविणे योग्य होते काय? आज कोणतीही शाळा, कोणताही धर्मगुरू किंवा पालक असे करणार नाही आणि करूही नये. मुलांच्या जिवाचे रक्षण ही आज आपण पहिली जबाबदारी मानतो व ते उचितच आहे. सर्व मुले वाचली ही ईश्वराची कृपा होती, पण त्या कृपेचा दाखला देऊन दुसऱ्यांच्या लेकरांना धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

तरीही ह्या घटनेतून काही गोष्टी आपल्याला घेता येतील. पहिली गोष्ट म्हणजे फादर स्वतः आधी गेले आणि मग मुलांना विचारले. दुसरी, त्यांनी धोका लपविला नाही. तिसरी, निर्णय मुलांवर सोपविला. चौथी, शिक्षण व शिस्त दिल्याशिवाय कोणाला पाठविले नाही. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही हाक अचानक आलेली नव्हती. शिकविणे, वर्गणी काढणे, आजारी सोबत्याकडे पाहणे अशा लहान लहान सेवांतून ही मुले अनेक वर्षे घडत आली होती. म्हणूनच मोठी वेळ आली तेव्हा ती डगमगली नाहीत.

मुलांनी घडविलेली संस्था

साथ संपत आली असताना, ऑक्टोबर १८५४ च्या अखेरीस, डॉमिनिक सावियो नावाचा बारा वर्षांचा मुलगा ओरेटरीत दाखल झाला. एकमेकांना दगडांनी मारावयास निघालेल्या दोन मुलांच्या मध्ये क्रूस हाती घेऊन उभा राहिलेला तो हाच डॉमिनिक. जून १८५६ मध्ये त्याने व त्याच्या सोबत्यांनी निष्कलंक मातेचे मंडळ स्थापन केले. नव्याने आलेल्या, एकाकी किंवा हूड मुलांची एकेकाने जबाबदारी घ्यावयाची आणि त्यांना मित्र करावयाचे, हे त्या मंडळाचे मुख्य काम होते. ९ मार्च १८५७ रोजी, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, डॉमिनिक देवाघरी गेला. १९५४ साली त्याला संतपद बहाल करण्यात आले.

१८ डिसेंबर १८५९ रोजी फादर बॉस्को ह्यांच्या खोलीत सालेशियन संस्थेची रीतसर स्थापना झाली. जमलेल्यांत बहुतेक सर्व जण तरुण होते आणि त्यांतील अनेक जण डॉमिनिकच्या मंडळातले होते. मोठ्यांनी काढलेल्या संस्थेत मुले दाखल व्हावीत ही जगाची रीत आहे. येथे मुलांच्या मंडळातून संस्था जन्मास आली. विशेष म्हणजे धर्मसंस्थांवर निर्बंध आणणारे मंत्री रात्ताझी ह्यांनीच, हे कार्य तुमच्या पश्चात चालावे म्हणून संस्था काढा, असा सल्ला फादर बॉस्को ह्यांना दिला होता. खऱ्या सेवेपुढे विरोधकही नरम होतात, ह्याचे हे उदाहरण होय.

पुढील काळात कार्याचा विस्तार झाला. १८६८ साली वाल्दोक्को येथे ख्रिस्ती जनांची सहायक मरिया हिचे भव्य मंदिर उभे राहिले. मुलींसाठी हेच कार्य करावे म्हणून १८७२ साली संत मारिया माझ्झारेल्लो ह्यांच्यासमवेत त्यांनी धर्मभगिनींची संस्था स्थापन केली. नोव्हेंबर १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनाला रवाना झाले. त्यांचे नेतृत्व जॉन कालियेरो ह्यांच्याकडे होते. कॉलऱ्याच्या वर्षीचा तो सोळा वर्षांचा मुलगा पुढे बिशप व कार्डिनल झाला. मायकल रुआ फादर बॉस्को ह्यांचे पहिले उत्तराधिकारी झाले.

आपली शिक्षणपद्धती फादर बॉस्को ह्यांनी १८७७ साली थोडक्यात लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार होते. मूल चुकेपर्यंत वाट पाहून मग शिक्षा करावयाची, हा मार्ग त्यांनी नाकारला. मुलाच्या सोबत राहून, त्याला चुकण्याची पाळीच येऊ नये असे वातावरण निर्माण करावयाचे, हा त्यांचा मार्ग होता. आपण मुलांवर प्रेम करतो एवढे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकला आहे असे मूल विश्वासघात सहसा करीत नाही, हे त्यांनी अनुभवातून जाणले होते.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे, अतिश्रमाने झिजलेल्या ह्या धर्मगुरूने इहलोकीची यात्रा संपविली. पोप पायस अकरावे ह्यांनी १९२९ साली त्यांना धन्यवादित व १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, संत म्हणून घोषित केले. ज्या दिवशी त्यांच्या मुलांना छपरी मिळाली होती तोच हा सण.

आपल्यासाठी

सालेशियन मिशनरी १९०६ साली तंजावर येथे आले आणि १९२८ साली मुंबईत पोहोचले. माटुंग्याचे मरियामातेचे तीर्थमंदिर आणि तेथील शाळा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. त्यांच्या शाळा, तंत्रशिक्षण केंद्रे आणि रस्त्यावरील मुलांसाठीची आश्रयस्थाने ह्यांनी महाराष्ट्रात व गोव्यात असंख्य कुटुंबांना आधार दिला आहे.

परंतु संतांचा वारसा त्यांच्या संस्थांकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या शाळांतून समाजसेवेचे उपक्रम होतात. वृद्धाश्रमाला भेट, फळवाटप, सफाई मोहीम, मग छायाचित्र आणि प्रमाणपत्र. ह्यात वाईट असे काही नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ते मूल त्या वृद्धाचे नाव विसरले असेल तर आपण नेमके काय शिकविले, असा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. वर्गात मागे पडणाऱ्या सोबत्याला रोज अर्धा तास शिकविणारा विद्यार्थी, खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला एक नाणे बाजूला ठेवणारा धर्मशिक्षण वर्ग, गावातील एकट्या आजीला दर रविवारी पवित्र मिस्साला घेऊन येणारे तरुण, शेजारच्या कामगार वस्तीत अक्षरे शिकविणारी मुले, ही खरी ओरेटरी होय. ह्यासाठी इमारत लागत नाही, एक वडीलधारा लागतो, जो आधी स्वतः जातो आणि मग मुलांना बोलावतो.

आपण मुलांच्या गुणांची, ट्यूशनची आणि करिअरची फार काळजी घेतो. ती घ्यावयासच हवी. पण मुलांना कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची भूक असते आणि ती भूक आपण पुष्कळदा उपाशी ठेवतो. मुले अजून लहान आहेत, असे आपण म्हणतो. तुरीनच्या त्या चव्वेचाळीस मुलांनाही कोणीतरी तसेच म्हणू शकले असते. एका धर्मगुरूने मात्र त्यांना मोठे मानले आणि ती मोठी झाली.

ह्या संताच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या. हे दयाळू पित्या, संत जॉन बॉस्को ह्यांच्याप्रमाणे आमच्या मुलांवर विश्वास ठेवण्याचे धैर्य आम्हांला दे. त्यांच्यापुढे चालण्याची, त्यांच्यासोबत राहण्याची आणि तुझ्या गरीब लेकरांच्या दारापर्यंत त्यांचा हात धरून जाण्याची कृपा आमच्या पालकांना, शिक्षकांना व धर्मगुरूंना लाभो. आमेन.